अर्धी शिट्टी पुण्यात, अर्धी गोहलपुरात

प्रमिला वडेगावकर, राहणार मदन महल, जबलपूर, डिफेन्स फॅक्टरीच्या स्टोअरमधून निवृत्त, यांच्यावर गेल्या कोजागिरीच्या आदल्या दिवशी, दुपारी तीन वाजून सतरा मिनिटांनी अन्याय झाला. वेळ मी ठोकून देत नाहीये. आमच्या ध्वनिसंग्रहाच्या संगणकात कुणी कुठल्याही नोंदीला हात लावला की त्याची वेळ आपोआप उमटते, आणि ती तिथे अजून आहे. तीन सतराला त्यांनी पाठवलेल्या एकोणीस गाण्यांसमोर 'गायिका' या रकान्यात 'अज्ञात' आलं. 'ठिकाण' या रकान्यात 'बहुधा नागपूरकडचे' आलं. शेवटच्या रकान्यात लाल अक्षरांत आलं, 'अविश्वसनीय. जानेवारीअखेर काढून टाकणे.' एकोणीस गाणी, आणि क्लिक एक!

आम्ही म्हणजे पुण्यातली सात-आठ जणं. लोकांच्या घरातले जुने आवाज गोळा करून ते इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवायचे, ही आमची मोहीम. मी मूळची साताऱ्याची, आणि मोहिमेची पत्रकं मी लिहिते. माझ्या पत्रकांत उद्गारचिन्हं जास्त असतात असं काहींचं म्हणणं आहे. असू देत! आलेलं रेकॉर्डिंग खरं की खोटं हे ठरवायला आमची एक तपासणी समिती आहे, आणि समितीचे प्रमुख देशमाने सर. हयातभर ग्रंथपाल होते. माणूस सरळ आहे, पण पुराव्याशिवाय स्वतःच्या वाढदिवसालाही हजर राहणार नाही.

डिसेंबरात वडेगावकरबाईंचं पत्र आलं. ईमेल नव्हे, पत्र. 'तुमच्या लोकांनी माझी गाणी अविश्वसनीय काहून केली? मी काय नागपूरहून कॅसेट विकत आणून तुम्हाला पाठवली का? गाणारीचं नाव मी सांगितलं होतं. प्रत्येक वेळी सांगितलं होतं. ऐकलं नसेल तर कान तपासून घ्या.'

मी पत्र वाचलं आणि तिकीट काढलं. समितीतल्या कुठल्या तरी बुजुर्गाने एका म्हातारीचा आवाज दाबला, हे मला पत्र उघडल्याउघडल्याच कळलं होतं, आणि बाईंना फोनवर मी तसं सांगितलंही. परतल्यावर काढायच्या पत्रकाचा मथळाही मी गाडीत लिहून ठेवला. तो इथे देत नाही. का, ते पुढे कळेल.

मदन महल, दिवस पहिला

मी जबलपूरच्या मोठ्या स्टेशनावर उतरले. वडेगावकरकाकू मदन महलच्या छोट्या स्टेशनावर उभ्या होत्या. मी मेसेज केला होता, 'सकाळी पोचते.' कुठल्या स्टेशनावर, ते लिहिलंच नव्हतं. नोंदींसाठी जगाशी भांडणारी मी, आणि माझ्याच नोंदीत ठिकाण नाही!

"अगं, तू तिकडे काहून उतरली?" फोनवर काकू. "मी इथं डबा घेऊन तुझी वाट पाहून राहिली. जिलबी थंड झाली ना!"

शेवटी त्यांची सून रश्मी स्कूटरवर मला न्यायला आली. ती बँकेत आहे, माहेर इथलंच, हिंदी. "मराठी समझ सब आती है," ती हेल्मेट देत म्हणाली, "बोलने जाऊँ तो मम्मीजी हँसती हैं." माझी बॅग तिने पायांत घेतली, मला मागे बसवलं, आणि थंडीत माझं नाक गळून पडायच्या बेतात असताना मदन महल किल्ल्याखालच्या रस्त्याला लागली. इथे वस्तीच्या मधोमध काळे, गोल, हत्तीएवढे धोंडे पडलेले असतात, आणि लोक त्यांना वळसा घालून भाजी आणायला जातात. एक धोंडा दुसऱ्यावर टेकल्यासारखा उभा आहे. भूकंपातही हलला नाही म्हणतात. आमच्याकडे असता तर सुरक्षेच्या नावाखाली पालिकेने त्याला खाली घेतला असता आणि वर निविदा काढली असती.

घरी पोचले तर पोहे, आणि पोह्यांबरोबर जिलबी. सकाळी साडेआठला! आमच्याकडे जिलबी लग्नात नाहीतर झेंडावंदनाला. इथे लोक ती पोह्यांत चुरून खातात आणि मग कामावर जातात. शिवाय ही जिलबी पिवळी नव्हती. खव्याची, काळपट, जाड, गुलाबजामासारखी पाक धरलेली. मी दोन खाल्ल्या. काकूंनी तिसरी वाढली आणि माझ्या तोंडात ती असतानाच खटला सुरू केला.

"आता सांग. मी चोर काहून?"

काकू ठेंगण्या, साडीवर स्वेटर, चष्म्याला दोरी. आवाज मात्र पूर्ण वाढीचा. त्यांनी जे सांगितलं ते असं. विदर्भात भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसवतात. आमच्याकडच्या हादग्यासारखंच, रोज एकेका घरी गाणी, आणि शेवटी खिरापत. घरधनीण झाकलेला डबा हलवते आणि बाकीच्यांनी आत काय आहे ते ओळखायचं. फॅक्टरीच्या क्वार्टर्समधल्या मराठी बायकांनी ही प्रथा जबलपुरात चालवली. गाण्यांत भुलाबाईचा नवरा दुसऱ्या पाळीला जाऊ लागला आणि सासू हिंदीत रागावू लागली.

काकूंनी त्या वेळी नवाकोरा टेपरेकॉर्डर घेतला आणि सहा कॅसेटी भरल्या. काकू स्टोअरच्या. स्टोअरमध्ये प्रत्येक पेटीला चिठ्ठी असते. आत काय, कधी आलं, कुणी तपासलं, सही कुणाची. चिठ्ठीशिवाय खिळासुद्धा जागचा हलायचा नाही. ती सवय घरी आली. प्रत्येक गाण्याआधी त्या टेपमध्ये बोलायच्या. आज दिवस कितवा, घर कुणाचं, गाणारी कोण, मागे म्हणणाऱ्या कोण. पाऊस असला तर तेही.

"गाणारी बहुतेक गोदावरी," काकू म्हणाल्या. "गोदावरी ठोंबरे. आमच्या भिंतीला भिंत. तिचा फोटो मागू नको, नाही आहे. कॅमेरा निघाला की ती चहा टाकायला आत पळायची. गेली ती. मूलबाळ नाही, भाऊ नाही. आता तिचं जे आहे ते एवढंच आहे, अन् त्यावर तुम्ही लिहिलं अज्ञात."

रश्मी स्वयंपाकघरातून म्हणाली, "मम्मीजी, उसको खाने तो दो."

"खाऊन राहिली ना ती. मी काय तिचं तोंड धरलं का?"

मी आमच्या संग्रहातली गाणी फोनवर लावली. एकोणीसच्या एकोणीस गाणी थेट गाण्यानेच सुरू होत होती आणि गाण्यानेच संपत होती. ना काकूंचा आवाज, ना पाऊस. म्हणूनच समितीला संशय आला होता. घरगुती रेकॉर्डिंग इतकं साफ नसतं. बाजारातल्या कॅसेटवरून उतरवलं असणार, असं सरांनी मांडलं होतं.

"मूळ कॅसेटी आहेत?" मी विचारलं.

होत्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत, सहाच्या सहा. आत पांढरी बुरशी. काकू म्हणाल्या, "ज्यानं कॉम्प्युटरमध्ये टाकून दिलं तो नईम बोलला होता, एकदाच चालेल, पुन्हा लावायची नाही." मी म्हणाले, काकू, एकदा लावून तर बघू. त्या नको म्हणाल्या. मी पुराव्याच्या हक्कावर छोटंसं भाषण केलं. कपाटावरून जुना टेपरेकॉर्डर काढला, पहिली कॅसेट घातली, बटण दाबलं. एक मोठा श्वास घेतल्यासारखा आवाज आला आणि यंत्राने फीत खायला सुरुवात केली. मी झाकण उघडेपर्यंत आतून तपकिरी शेवया बाहेर आल्या होत्या, आणि तीन ठिकाणी तुटल्या होत्या.

काकूंनी पेन्सिल आणली आणि तुटकी फीत हळूहळू गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "चलो, पाच राहिल्या. त्यांना तू हात लावू नको."

जेवायला गक्कड भरता होता. कणकेचे गोळे शेणीवर भाजून तुपात बुडवायचे, आणि बरोबर वांग्याचं भरीत. अपराधी माणसाला असलं जेवण वाढणं ही क्रूरता आहे. मी पाच गक्कड खाल्ले.

सराफा आणि गोहलपूर, दिवस दुसरा

काकूंना सराफ्यात कानातलं दुरुस्तीला टाकायचं होतं आणि मला गोहलपुरात, काकूंचं बोलणं कापणाऱ्या त्या नईमला जाब विचारायचा होता. आधी सराफा, असं काकूंनी ठरवलं. गल्ली इतकी अरुंद की समोरून गाय आली तर आपण कुणाच्या तरी दुकानात पाहुणे होतो. काकूंचे सराफ सोनीजी, पांढरी मिशी, गादीवर मांडी.

काकूंनी पुडी उघडायला घेतली तर ते म्हणाले, "रुकिए भाभीजी. पहले लिखो, फिर खोलो."

पुडी बंद असतानाच त्यांनी चिठ्ठीवर काकूंचं नाव लिहिलं. मग पुडी उघडली, कानातलं पाहिलं आणि बोलत बोलत लिहीत गेले. जोडातलं डावं, एक मोती नाही, मागची दांडी वाकलेली, वजन इतकं. चिठ्ठीला दोरा ओवला, दोरा कानातल्यात. तोवर चिमटा उचलला नाही.

"इतना सब काहे को?" मी माझ्या हिंदीत विचारलं. "इनको तो आप बरसों से जानते हैं."

"बिटिया, इनको जानता हूँ. कारीगर इनको नहीं जानता. मेरे बाद दुकान पर जो बैठेगा, वो भी नहीं जानेगा. चिट्ठी उसके लिए है."

पत्रकात मी या गोष्टीला 'अधिमाहिती' म्हणते. वाचणाऱ्यांपैकी कुणालाच कळत नाही. मेटाडेटा म्हटलं की तरुण मान डोलावतात, कळत त्यांनाही नाही. सोनीजींना दोन्ही शब्द माहीत नव्हते आणि काम चोख चाललं होतं. चिठ्ठी त्याच्यासाठी, जो आपल्याला ओळखत नाही. मी हे वहीत लिहून घेतलं, आणि नईमवर चढाई करायला निघाले.

गोहलपुरात वेल्डिंगच्या ठिणग्या, कपाटं, कूलर, शिलाई मशीन, सगळं रस्त्यावरच दुरुस्त होतं. नईमभैयांचं दुकान वरातीच्या स्पीकरांनी भरलेलं. बाहेर पाटी, 'पुरानी कैसेट, शादी के वीडियो, सब पेन ड्राइव में'. माणूस चाळिशीचा, शांत, कानावर सोल्डरिंगची तार.

मी दारातूनच सुरू केलं. तुम्ही या बाईंच्या रेकॉर्डिंगचा सुरुवातीचा भाग कापलात, शेवटचा भाग कापलात, ही सांस्कृतिक तोडफोड आहे! 'सांस्कृतिक तोडफोड'चं हिंदी मला आलं नाही, पण हातवाऱ्यांवरून पोचलं.

नईमभैयांनी काकूंना सलाम केला, स्टूल पुसून दिलं, आणि खणातून एक घडी घातलेला कागद काढला.

"दीदी, आंटी ने कैसेट के साथ यह काग़ज़ दिया था. कहा था, पुणे वालों ने जैसा लिखा है, वैसा ही करना."

आमचं पत्रक. कलम चौथे, ठळक अक्षरांत. 'ध्वनिफीत पाठवण्यापूर्वी सुरुवातीचे व शेवटचे अनावश्यक बोलणे, हसणे, खोकणे, भांड्यांचे आवाज काढून टाकावेत! स्वच्छ ध्वनी हा श्रोत्याचा हक्क आहे!!' खाली लेखिकेचं नाव.

नाव माझं होतं. उद्गारचिन्हंही माझीच.

"मराठी पूरी नहीं आती," नईमभैया म्हणाले, "मगर 'अनावश्यक' तो हमारे यहाँ भी अनावश्यक ही है."

काकूंनी चष्मा नाकावर चढवला, कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं. "अच्छा," त्या म्हणाल्या. "तर तो बुजुर्ग तू होय."

गाडीत लिहिलेल्या त्या मथळ्याचं मी काय केलं ते आता विचारू नका. वहीचं एक पान कमी आहे, एवढंच सांगते.

मी स्टुलावर बसले. नईमभैयांनी चहा मागवला. चहा येईपर्यंत त्यांना माझी दया आली असावी, कारण ते म्हणाले, "फेंका थोड़े ही है. ग्राहक की चीज़ हम फेंकते नहीं." आणि त्यांनी संगणकावर 'वडेगावकर आंटी' नावाचं फोल्डर उघडलं. आत दोन फोल्डर. एक 'गाने'. दुसरं 'फालतू'.

फालतूमध्ये चौतीस तुकडे होते. त्यांनी मधलाच एक, अकरावा, लावला. खरखर, पावसाचा आवाज, आणि मग तरुण, करकरीत, पूर्ण वाढीचा आवाज. "हं, सुरू झालं का? बरं. आज दिवस सहावा. घर ठोंबऱ्यांचं. गाणारी गोदावरी ठोंबरे. मागे म्हणणाऱ्या बाकी सगळ्या, नावं शेवटी सांगते. कुकर लावला आहे. शिट्टी झाली तर माफी असावी."

मागून कुणी तरी हसलं. दुसरी बाई म्हणाली, "प्रमिले, तू गाणं म्हणू देते की हजेरी घेते?"

काकूंनी संगणकाच्या काचेवर हात ठेवला. "हीच. ही गोदावरी," त्या म्हणाल्या. वेल्डिंगवाल्यांच्या आवाजात मला जेमतेम ऐकू आलं.

भेडाघाट, दिवस तिसरा

नईमभैयांचा संगणक सगळ्या फायली काढून द्यायला एक दिवस घेणार होता. काकू म्हणाल्या, "इथं बसून तू त्याचं डोकं खाशील. जा, नर्मदा पाहून ये." रश्मीने सुट्टी काढली आणि आम्ही भेडाघाटला गेलो.

पांढऱ्या संगमरवरी कड्यांमधून हिरवी नदी, इतकी गप्प की वल्ह्यावरून पडणारे थेंब ऐकू येतात. हे सगळं नावाड्याने तोंड उघडेपर्यंत. तो यमकात बोलायचा. डावीकडे पाहा हत्ती, उजवीकडे पाहा मोटारगाडी, इथे राजा न्हायला, तिथे राणी रुसली. दर दहा हातांवर एक दावा, आणि सगळे छातीठोक.

"भैया, कौन सा राजा?" मी विचारलं. "और आपको कैसे पता?"

"पिताजी बोलते थे."

"उनको कैसे पता?"

त्याने वल्हं थांबवलं. नाव मध्यात तरंगत राहिली. "दीदी," तो रश्मीला म्हणाला, "यह मैडम पुलिस में हैं क्या?"

रश्मी इतकी हसली की नाव हलली. पुढचा सगळा वेळ नावाड्याने प्रत्येक खडकानंतर जोडलं, "ऐसा पिताजी बोलते थे, मैडम लिख लीजिए." खरं सांगू? त्यानंतर मला त्याच्यावर जास्त विश्वास वाटायला लागला.

पुन्हा मदन महल, दिवस चौथा

आता तुकडे गाण्यांना जोडायचे होते. नईमभैया पेन ड्राइव्ह द्यायला स्वतः आले आणि आधीच कबूल करून गेले, की त्यांच्या संगणकाच्या घड्याळाची बॅटरी मेलेली आहे, त्यामुळे फायलींवरच्या तारखा सगळ्या खोट्या. संगणकाच्या मते ही सगळी कापाकापी नईमभैया शाळेत असताना झाली होती. पण क्रमांक खरे होते, आणि त्यांच्या डायरीत कामाचा दिवस शाईने लिहिलेला होता, 'आंटी, छह कैसेट, फंगस, एक ही बार चलेगी.' मी डायरीच्या पानाचा फोटो काढला, आणि पहिल्यांदाच, काय काढला, कुठे काढला, कुणासमोर काढला, ते फोटोखाली लिहिलं.

दुपारी देशमाने सर व्हिडिओवर आले. स्वेटर, कानटोपी, समोर वही.

"हे तुकडे त्याच गाण्यांचे, हे कशावरून?" पहिलाच प्रश्न.

मी गच्चीत बसून सकाळभर हेच केलं होतं, काकू शेजारी मटार सोलत होत्या. सहाव्या दिवसाच्या गाण्याच्या अगदी शेवटी, आमच्या संग्रहातल्या फायलीत, कुकरची शिट्टी सुरू होते आणि कापली जाते. फालतूमधला बारावा तुकडा शिट्टीच्या मध्यापासून सुरू होतो. अर्धी शिट्टी पुण्यात, अर्धी गोहलपुरात! मी दोन्ही फायली पाठोपाठ लावल्या. शिट्टी सांधा न कळता पूर्ण झाली, आणि मागोमाग गोदावरीबाईंचा आवाज, "माफी मागितली होती ना आधीच!"

सर पुढे झुकले. मग म्हणाले, "परत लावा." तीनदा लावली. तिसऱ्यांदा ते हसल्यासारखे दिसले, पण चित्र अडखळत होतं, त्यामुळे खात्रीने सांगत नाही.

"ठीक. पण नागपूर नाही कशावरून?"

मी खिरापतीचा तुकडा लावला. डबा हलल्याचा आवाज. गोड? गोड. तळलेलं? तळलेलं. पिवळं? नाही. काळं? मग चार-पाच जणी एकदम, खव्याची जिलबी!

"जिलबी रेल्वेने कुठेही जाते," सर म्हणाले.

तेवढ्यात त्याच तुकड्यात लांबून फॅक्टरीचा भोंगा वाजला, आणि एक बाई म्हणाली, "उठा गं, पाळी सुटली, आमचे येतील." सरांनी वहीत काही लिहिलं. रेल्वेने भोंगा येत नाही, हे त्यांनाही मान्य असावं.

असं करत सतरा गाणी जुळली. प्रत्येकाला दिवस, घर, गाणारी, मागे म्हणणाऱ्या. चौदा गोदावरीबाईंची, तीन इतरांची. राहिली दोन, आठवं आणि तेरावं. त्यांना आगापिछाच नव्हता. आठव्याची सुरुवात कॅसेटची बाजू पालटताना गेलेली, तेरावं मधूनच सुरू झालेलं, कारण बटण उशिरा दाबलं गेलं, आणि दोन्ही संपताक्षणी टेप बंद केलेला. आणि तेरावं तर सगळ्यांत सुंदर होतं. ते लागलं की काकूंचे मटार सोलणारे हात थांबायचे.

"या दोन्हींची गायिका?" सरांनी विचारलं. "नाहीतर नियमाप्रमाणे ती काढावी लागतील."

मी क्षणभरही न थांबता म्हणाले, "गोदावरी ठोंबरे! आवाज तोच आहे, सर." मला तसं खरंच वाटत होतं. आणि सतरा गाण्यांच्या ओघात ही दोन सहज निघून गेली असती.

काकूंनी मटारची परात बाजूला सरकवली आणि माझ्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये आल्या.

"नाही साहेब. मला माहीत नाही."

"काकू!" मी दबक्या आवाजात. "गोदावरीच आहे ना ती!"

"वाटते मला. पण त्या वर्षी तिचा घसा दुखून राहिला होता, काही दिवस ती आलीच नाही. हे त्या दिवसांतलं असलं तर? तेव्हा गाणारी दुसरी कोणी असेल. तिचं नाव मी गोदावरीला काहून देऊ? तिला नाही आवडणार." मग माझ्याकडे वळून, "स्टोअरमध्ये एका पेटीची चिठ्ठी खोटी निघाली ना, की साऱ्या रॅकच्या पेट्या उघडाव्या लागत. ही सतरा मेहनतीनं बांधली. ती तू पुन्हा उघडायला लावशील."

"मग ही दोन जातील, काकू."

त्यांनी दोरीचा चष्मा काढला, पदराने पुसला. "जातील तर जातील," त्या म्हणाल्या, पण आवाज पूर्ण वाढीचा नव्हता. आणि मग सरांना, "एक करता येते का? लिहा. गाणारी, माहीत नाही. ऐकणारीला गोदावरी ठोंबरे वाटते. ऐकणारी, प्रमिला वडेगावकर, तिची शेजारीण. ऐकणारीचा उजवा कान कमी आहे. हेही लिहा."

सरांचं पेन वहीवर थांबलं. मला वाटलं चित्र पुन्हा अडकलं.

"बाई," सर म्हणाले, "असं लिहायला आमच्याकडे रकानाच नाही. नाव असतं किंवा अज्ञात असतं."

"मग ओढा ना रकाना. आम्ही पट्टीनं ओढत होतो."

सरांनी कानटोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "काय नाव देऊ त्याला?"

"तुम्ही मघापासून तेच विचारून राहिले ना," काकू म्हणाल्या. "कशावरून."

रश्मी ऑफिसातून येऊन दारात उभी होती. ती काकूंजवळ आली आणि जपून, एकेक शब्द ठेवत म्हणाली, "आई, तुम्ही बरोबर केलं." काकू हसल्या नाहीत. परात तिच्याकडे सरकवून म्हणाल्या, "बस. अर्धे मटार राहिले आहेत."

परतल्यावर

सतरा गाण्यांवरून 'अविश्वसनीय' गेलं. कधी गेलं, कुणी काढलं, कशावरून काढलं, सगळं तिथे लिहिलेलं आहे. आठवं आणि तेरावं काढलेलं नाही. त्यांच्या नोंदीत काकूंचे शब्द आहेत, उजव्या कानासकट. कलम चौथे मी मागे घेतलं आहे, आणि ते मी लिहिलं होतं हे पत्रकाच्या नव्या प्रतीवर छापलं आहे, एकही उद्गारचिन्ह न वापरता. नईमभैयांनी 'फालतू' फोल्डरचं नाव बदलू का म्हणून फोनवर विचारलं. मी म्हणाले, अजिबात नाही, तेच त्याचं नाव आहे, तसंच राहू द्या.

आता तुमच्याकडे वळते. हे वाचून छान वाटलं म्हणून मान डोलावून उठू नका, मला मान नको आहे.

तुमची आई, मावशी, आत्या, शेजारीण, कुणीही जबलपूरच्या फॅक्टरी क्वार्टर्समध्ये राहिलेली असेल, तर तिला तेरावं गाणं ऐकवा. पूर्ण ऐकवा. तिला गाणारीचं नाव आलं, तर आम्हाला कळवा, आणि तिने ते कशावरून ओळखलं तेही कळवा. ती गोदावरी नसली तरी कळवा. नुसतं नाव पाठवलंत तर मी ते घेणार नाही.

आणि जबलपूरशी तुमचा काही संबंध नसेल, तर फोन काढा. त्यात कुणाचा तरी आवाज आहे, ज्याचं फायलीवर नाव नाही, कारण तुम्हाला तो ओळखता येतो. तुमच्यानंतर ज्याच्या हातात ती फाइल पडेल त्याला तो ओळखता येणार नाही. आत्ता, पुढचं पान उलटायच्या आधी, तिथे लिहा. कोण, कुठे, कधी. माहीत नसेल तिथे 'माहीत नाही' लिहा. आणि खाली सही करा, तुमच्या स्वतःच्या नावाची.